घाटातले देव: खोपोलीपासून आरवलीपर्यंत

सह्याद्रीतला कुठलाही जुना घाट घ्या, त्यात एक देऊळ असतंच. ते नेमकं कुठे बांधलंय हे पाहिलं की घाटाची निम्मी माहिती आपोआप मिळते. चढाला जिथे दम लागतो तिथे, बारमाही पाणी आहे तिथे, नाहीतर माथ्यावरच्या खिंडीत, उतार सुरू व्हायच्या आधी. या देवांकडे कुणी मुद्दाम यात्रेला जात नाही. भक्त म्हणजे वाटसरू आणि दर्शनाची वेळ दोन मिनिटं. ही फेरी मात्र मुद्दाम त्यांच्यासाठीच आखलेली होती. बोरघाटातला शिंग्रोबा, वरंध घाटातली वाघजाई, तळकोकणात आरवलीचा वेतोबा आणि परतताना आंबोली. महिना डिसेंबर, वाहन चारचाकी. दुचाकीनेही हीच वाट जमते, फक्त मुक्काम एखाद-दुसरा वाढवावा.

पहिला दिवस: खोपोली आणि शिंग्रोबा

पनवेल सोडल्यावर एक्स्प्रेसवे न धरता जुना मुंबई–पुणे रस्ता धरायचा, कारण शिंग्रोबा जुन्या रस्त्यावर आहे. दुचाकींना एक्स्प्रेसवे बंद असल्याने त्याचा आजचा भक्तगण म्हणजे मोटारसायकलवाले, टेम्पो आणि सवयीने जुनाच रस्ता धरणारे लोक. खोपोलीत वडापाव आणि चहा उरकून घ्यावा. घाटात खाण्यासाठी थांबण्यासारखी जागा नाही.

गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, पण प्रत्येकाची थोडी वेगळी. इंग्रजांना घाटातून वाट काढायची होती, ती काही केल्या सापडेना. मेंढरं राखणाऱ्या शिंग्रोबा धनगराने ती दाखवली. काय बक्षीस हवं असं विचारल्यावर त्याने देशाचं स्वातंत्र्य मागितलं, आणि त्याला गोळी घालण्यात आली. काही जण ही गोष्ट रस्त्याशी जोडतात, काही रेल्वेशी. गाडीरस्ता झाला १८३० मध्ये, गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत. रेल्वे घाट चढली १८६३ मध्ये, आणि त्या कामावर हजारो मजूर रोगराईने आणि अपघातांनी दगावले. दोन्ही कामांच्या मध्ये तीस-पस्तीस वर्षं आहेत, तेव्हा एकच धनगर दोन्हीकडे असणं अवघडच.

गोष्टीतलं तंत्र मात्र पक्कं आहे. मेंढरांची वाट डोंगरावर उभी चढत नाही. ती कुशीने तिरकी जाते, पाण्याला धरून वळते, आणि ओझं असलेल्या जनावराला झेपेल तेवढाच चढ घेते. गाडीरस्त्याला हेच हवं असतं. रेल्वेला तर याहून सौम्य चढ लागतो, आणि तरीही बोरघाटात ३७ फुटांना १ फूट असा चढ घ्यावाच लागला. म्हणून आजही पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात. वाट ठरवण्यात मेंढपाळाचा डोळा कामी आला असेल, यात नवल वाटण्यासारखं काही नाही.

रीत अशी की चालत्या गाडीतून शिंग्रोबाला नाणं टाकायचं. हात जोडायचे, नाणं फेकायचं आणि पुढे निघायचं. रीत जुनी आहे, वाहनांचा वेग जुना राहिलेला नाही. चाळीसच्या वेगाने फेकलेलं नाणं मागच्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर जातं, आणि रस्त्यावर पडलेली नाणी वेचायला माणसं चढावर वाकतात. नाणं टाकायचंच असेल तर गाडी बाजूला घेऊन, उतरून, पेटीत टाकावं. थांबण्याची जागा तोकडी आहे. वळणाच्या आत थांबू नका, वळण संपून मागच्याला गाडी दिसेल तिथे थांबा. चारही इंडिकेटर चालू ठेवा, हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि पुढची चाकं डोंगराच्या बाजूला वळवून ठेवा.

सळ्या भरलेला एक ट्रक तिथे उभा होता. चालक बीडकडचा. त्याची पूजा पाहण्यासारखी होती. आधी देवाला नारळ, मग त्याच हाताने लोखंडी पहार घेऊन तो दहाही टायर ठोकत फिरला. भरलेला टायर टणक वाजतो, हवा कमी असलेला भद्द. मागच्या जोडटायरांच्या मध्ये अडकलेला एक दगड त्याने पहारीने उचकटून काढला. तो दगड तसाच राहिला असता तर दोन्ही टायरांच्या भिंती कापल्या असत्या. मग हवेच्या ब्रेकचा काटा पाहिला, क्लीनरला खाली वाकून नळ्यांचा आवाज ऐकायला लावला, आणि निघाला. यातलं किती देवाचं आणि किती गाडीचं, हे त्याला विचारण्यात अर्थ नव्हता. त्याच्या लेखी ते एकच काम होतं.

*घाटात गाडीची पूजा करायची तर:* सामान म्हणजे एक नारळ, चार लिंबं, हळद-कुंकू, हार आणि दोन उदबत्त्या. बॉनेट ओल्या फडक्याने पुसून त्यावर स्वस्तिक काढावं. हार आरशाला किंवा वायपरला बांधावा, रेडिएटरच्या जाळीवर नको. चढाला इंजिन आधीच तापलेलं असतं, त्यात हवा अडली की काटा चढतो. लिंबं चारही चाकांच्या पुढे ठेवून गाडी त्यांच्यावरून हळू पुढे घ्यायची. नारळ गाडीवरून ओवाळून देवळाच्या दगडावर फोडायचा. रस्त्यावर फोडला की करवंटीच्या धारदार कडा डांबरावर पडून राहतात आणि पुढच्या दुचाकीचा टायर खातात. दारावर लिंबू-मिरची टांगतात ती दोरा नंबरप्लेटवर येणार नाही अशी बांधावी. शनिवारी बदलतात तेव्हा जुनी रस्त्याच्या मधोमध टाकू नये. ती कुणी ओलांडत नाही, आणि भर रस्त्यात गाड्या तिला वळसा घालू लागतात.

वर खंडाळ्याच्या अलीकडे जुना रस्ता एक्स्प्रेसवेला येऊन भिडतो. अमृतांजन पूल २०२० मध्ये पाडला, पण लोक ती जागा अजून त्याच नावाने सांगतात. दुचाकीवाल्यांनी इथे फलक बारकाईने वाचावेत, चुकून एक्स्प्रेसवेवर जाणं सोपं आहे. मुक्काम पुण्यात.

दुसरा दिवस: भोर, वरंध घाट, वाघजाई

पुण्याहून सकाळी लवकर निघावं. कापूरहोळला सातारा रस्ता सोडून भोरचा फाटा घ्यायचा. पेट्रोल भोरमध्येच भरून घ्या, पुढे महाडच्या बाजूला उतरेपर्यंत भरवसा नाही. भोर सोडलं की नीरा-देवघर धरणाचं पाणी बराच वेळ सोबत राहतं. डिसेंबरात सकाळी पाण्यावर धुकं असतं, हिर्डोशीपर्यंत दिवे लावूनच जावं लागलं. रस्ता बहुतेक ठिकाणी दीड गाडीचा. समोरून एसटी आली तर आपणच मातीत उतरायचं, ती उतरत नाही.

शिरगाव गेलं की चढ संपत येतो आणि खिंडीत वाघजाई. हा रस्ता कावळ्या किल्ल्याची धार कापून गेलेला आहे. एका बाजूला देशाचं पठार, दुसऱ्या बाजूला एकदम तुटलेला कडा आणि खाली कोकण. देवीचं ठाणं बरोबर या खिंडीत आहे. पूर्वी महाडच्या बंदरातून माल इथून देशावर चढायचा, बैलांच्या पाठीवर. चढून आलेलं जनावर इथे दमलेलं, आजूबाजूला दाट रान आणि रानात वाघ. त्या वाघाचीच देवी करून तिला खिंडीत बसवली. सह्याद्रीत वाघजाईची ठाणी ठिकठिकाणी आहेत आणि बरीचशी घाटवाटांवर सापडतात. वाघ गेले, पण खिंडीत थांबण्याचं कारण संपलेलं नाही. इथून पुढे सलग उतार आहे.

वाघजाईला ओटी भरतात: खण, नारळ, तांदूळ, सुपारी, हळकुंड. भोरच्या बाजारात सगळं एकत्र मिळतं, खिंडीत नारळ मिळेलच असं नाही. नारळ पिशवीत आणि पिशवी गाडीच्या आत ठेवा. माकडं टोळीने बसलेली असतात आणि त्यांना नारळाची पिशवी लांबून ओळखता येते. एका कुटुंबाची ओटी त्यांनी आमच्यासमोर पळवली. तांदूळ सांडले, खण झाडावर गेला. आजीबाई हसून म्हणाल्या, पोचलं म्हणजे झालं. माकडांना खायला घालू नका. त्यामुळेच ती रस्त्यावर येऊन बसतात आणि वळणावर गाडीखाली सापडतात.

देवळाजवळच्या टपऱ्यांवरची कांदाभजी हा या घाटाचा दुसरा देव. गरम भजी, तळलेली मिरची, कोरडी लाल चटणी आणि वाऱ्यात लगेच निवणारा चहा. टपरी चालवणाऱ्या बाई पावसाळ्यातले दिवस सांगत होत्या. दरड आली की रस्ता बंद, मग गिऱ्हाईकही बंद. पावसाळ्यात या घाटात अवजड वाहनांना मनाई होते आणि पुष्कळदा रस्ता पूर्णच बंद ठेवतात. जून ते सप्टेंबर इथे यायचा बेत असेल तर आदल्या दिवशी स्थानिक बातम्या पाहूनच निघा. नकाशाचं अॅप बंद घाटातूनही खुशाल वाट दाखवतं.

भजी खाऊन होईपर्यंत गाडी थंड होते, आणि तेच हवं असतं. उतरायच्या आधी एवढं बघावं:

ब्रेकचं पेडल दाबून धरा. दहा-पंधरा सेकंदांत ते हळूहळू खाली जात असेल तर उतरू नका. ब्रेक ऑइलची पातळी पाहा. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, आणि ओल असलेलं ऑइल तापलं की त्यात वाफ धरते. मग पेडल स्पंजासारखं लागतं आणि ब्रेक लागत नाही. साधारण दोन वर्षांनी ते बदलून घ्यावं. दिसायला स्वच्छ असलं तरी.

उतरताना गिअर तोच, जो हाच चढ चढायला लागला असता. बहुतेक छोट्या गाड्यांना इथे दुसरा, कडक वळणांवर पहिला. ब्रेकवर पाय सतत ठेवून घसटत जाण्यापेक्षा वळणाच्या आधी ठामपणे दाबून वेग कमी करावा आणि पाय काढावा, म्हणजे मधल्या वेळात ब्रेकला वारा लागतो. पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करून घाट उतरणं हा घाटातल्या अपघातांचा जुना बाप आहे. इंजिनाची ओढ जाते, सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापून गुळगुळीत होतो आणि मग कितीही दाबा, पकड नाही. जळका वास आला तर थांबा आणि किमान अर्धा तास बसा. तापलेल्या ब्रेकवर पाणी ओतू नका, डिस्क वाकडी होते किंवा ड्रम तडकतो. तापलेल्या मागच्या ड्रमवर हँडब्रेकचाही भरवसा नाही, चाकाला दगड लावा. आणि निघताना तो दगड उचलून बाजूला टाका. वरंधच्या उतारावर असे विसरलेले दगड वळणावळणाला पडलेले दिसले. एका गाडीचा देव तो दुसऱ्या गाडीचा राक्षस.

उतार संपताना बिरवाडीच्या आधी शिवथरघळीचा फाटा आहे. समर्थ रामदासांचं ठिकाण म्हणून लोक जातात. दुपार हाताशी असेल तर जरूर वळा. मुक्काम महाडला.

तिसरा दिवस: महामार्गाने दक्षिणेकडे

हा दिवस निव्वळ अंतराचा. महाड ते कुडाळ पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर आणि त्यापुढे वेंगुर्ला. कशेडीला आता बोगदा आहे. जुन्या घाटाची वळणं टळली, वेळ वाचला, आणि हात जोडायला स्टिअरिंगवरून कुणाचा हात उठेनासा झाला. बोगद्याला खिंड नसते, त्यामुळे त्याला देवही नसतो. चिपळूणच्या अलीकडे परशुराम घाट मात्र नावासकट टिकून आहे. डोंगरावर परशुरामाचं देऊळ, खाली वाशिष्ठीचं पात्र. रस्ता रुंद केल्यावर डोंगराचे कापलेले कडे उघडे पडलेत, पावसात तिथे माती येते.

घाटातला देव कमी झाला तसा डॅशबोर्डवरचा वाढला. महामार्गावरच्या एका ढाब्यावर उभ्या गाड्यांत डोकावलं तर जवळजवळ प्रत्येकीत गणपती, स्वामी समर्थ, साईबाबा किंवा गावची देवी. यात एक गोष्ट लोक हमखास चुकतात. शेजारच्या सीटसमोर डॅशबोर्डवर एअरबॅगचं झाकण असतं. तिथे चिकटवलेली मूर्ती, अपघात झालाच तर, एअरबॅगच्या जोराने थेट समोरच्या माणसाच्या तोंडावर येते. मूर्ती चालक आणि शेजारची सीट यांच्या मध्ये बसवा, शक्यतो बैठ्या तळाची, मऊ, हलकी. आरशाला माळ टांगली की ती नेमकी डावीकडून येणाऱ्या दुचाकीला झाकते, त्यामुळे तीही नको.

कुडाळला जेवण: बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी. सोमवारी किंवा गुरुवारी पोचलात तर कित्येक खानावळींत मासे नसतात. काळ्या वाटाण्याची आमटी आणि वडे तयार असतात, त्यात तोटा काही नाही. दुपारभर गाडीच्या काचा तापलेल्या, आणि संध्याकाळी वेंगुर्ल्याला पोचलो तर अंगावर खारा गार वारा.

चौथा दिवस: आरवलीचा वेतोबा आणि रेडी

वेंगुर्ल्याहून शिरोड्याच्या वाटेवर मोचेमाडची खाडी ओलांडली की आरवली. घाटातले देव एका जागी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांभाळतात. वेतोबा स्वतः चालतो. रात्री तो गावाची शीव धरून फिरतो, वाटेत चुकलेल्याला घरी पोचवतो, अशी श्रद्धा. चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून नवस फेडायला लोक त्याला नव्या वहाणा आणतात.

देवळात गेल्यावर डोळे आधी मूर्तीवर जातात, मग वहाणांवर. मूर्ती माणसाहून उंच, उभी, मिश्या असलेली, हातात तलवार. पूर्वी ती फणसाच्या लाकडाची होती, आता पंचधातूची आहे. वहाणा माणसाच्या पायाच्या कितीतरी पटीने मोठ्या, जाड तळाच्या, चामड्याच्या. इतर देवळांत कातडी पट्टा आणि पाकीटही बाहेर ठेवायला सांगतात. इथे चामडंच देवापुढे मांडलेलं असतं, आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. चालणाऱ्याला फुलांपेक्षा वहाण अधिक उपयोगाची, हे उघड आहे.

जुनी माणसं सांगतात की वाहिलेल्या वहाणांचे तळ काही दिवसांनी झिजलेले दिसतात. देवळाबाहेर बसलेल्या एका आजोबांनी हे सांगताना आवाजही वाढवला नाही आणि पुरावाही दिला नाही. शेजारचा त्यांचा नातू मोबाइलवर वहाणांचे फोटो काढत होता. त्याला आजोबांनी फक्त एवढंच बजावलं की हात लावू नकोस, त्याच्या आहेत.

वहाणांचा नवस असेल तर तयारी आधीपासून हवी. एवढ्या मापाची वहाण दुकानात टांगलेली नसते. चांभाराला माप आणि मुदत सांगून बनवून घ्यावी लागते, आणि ते माप देवस्थानात विचारूनच ठरवावं. तळ एकाच जाड चामड्याचा मिळत नाही, थर एकावर एक शिवून करतात. दोऱ्याऐवजी चामड्याच्या वादीने शिवलेला तळ दमट हवेत जास्त टिकतो. घाईत चिकटवून केलेल्या तळाचे थर कोकणातल्या एका पावसाळ्यात सुटतात. आणताना प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळू नका. गाडीच्या डिकीत एका दिवसात बुरशी धरते. सुती कापडात बांधा आणि वरून तेलाचा हलका हात फिरवा. दोन्ही पायांच्या द्यायच्या. एकीने चालता येत नाही, एवढा साधा हिशेब.

वहाणा परवडत नाहीत किंवा तेवढा नवस नाही, त्यांच्यासाठी केळी. वेतोबाला केळ्यांचा अख्खा घड वाहतात, फणी नव्हे. घड आरवलीत आणि शिरोड्याच्या बाजारात मिळतो. पूर्ण पिकलेला घेऊ नका, प्रवासात काळा पडतो. हिरवट-पिवळा घ्यावा. नारळ, अगरबत्ती नेहमीप्रमाणे. गाभाऱ्यात फोटो काढायचा असेल तर आधी विचारा. सकाळी लवकर गेलात तर गर्दी नाही, आणि बाहेरच्या आवारात झाडांखाली बसता येतं. जत्रेच्या दिवसांत मात्र गाडी गावाबाहेरच लावावी लागते. तेव्हा वेंगुर्ल्याहून एसटीने येणं शहाणपणाचं.

वेतोबा म्हणजे वेताळच, आणि असा चालणारा, राखणारा वेताळ हा काही आरवलीचाच नाही. गोव्यात अमोण्याला, प्रियोळला वेताळाची देवळं आहेत, आणि काणकोणात लोलयेला उघड्यावर उभी असलेली दगडी, आडदांड मूर्ती. मुंबईत राहणारा तळकोकणातला माणूस गाडी घेतो तेव्हा मागच्या काचेवर 'श्री देव वेतोबा प्रसन्न' लिहून घेतो. मुंबईत ते वाचणाऱ्या अर्ध्या लोकांना हा कोण हे ठाऊक नसतं, पण सावंतवाडीच्या चौकात त्याच काचेकडे पाहून कुणीतरी गाव विचारतं.

दुपारी शिरोडा. १९३० चा मिठाचा सत्याग्रह इथे झाला, मिठागरं आजही दिसतात. तिथून रेडी जवळच. लोहखनिजाच्या खाणी, लाल धूळ आणि त्यात सापडलेला गणपती. १९७६ मध्ये खाणीवरच्या एका ट्रकचालकाला स्वप्नात दृष्टांत झाला, सांगितल्या जागी खणलं आणि दोन हातांची, सहा फुटांच्या आसपास उंचीची गणेशमूर्ती निघाली, असं तिथे सांगतात. नंतर काही दिवसांनी उंदीरही सापडला. देव सापडवणारा ट्रकचालक, म्हणून ट्रकवाल्यांची या गणपतीवर खास श्रद्धा. नवी गाडी घेतलेले लोक पहिली फेरी इथे आणतात. देवळाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर गाडी उतारात लावावी लागते, तिथे वर सांगितलेलं चाकं वळवून ठेवण्याचं पथ्य पाळा.

पाचवा दिवस: शिवोली, मग आंबोली

रेडीहून तेरेखोलपर्यंत रस्ता आहे, तिथून केरीला फेरीबोट. बोट लहान, वेळा भरती-ओहोटीवर आणि दुरुस्तीवर बदलतात. सकाळी आधी जेटीवर विचारून मगच रांगेत लागा, नाहीतर सरळ सातार्ड्यावरून वळसा घ्या. पलीकडे हरमल, मग चोपडे–शिवोली पूल.

शिवोलीत जायचं कारण जागोर. नाताळनंतरच्या पहिल्या सोमवारी रात्री गावच्या राखणदाराचा हा उत्सव होतो आणि त्यात हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही घरांतली माणसं असतात. राखणदार म्हणजे वेतोबाचाच सोबती म्हणा. तोही शीव राखतो, रात्री फिरतो. त्याच्या ठाण्यावर पणतीला लागून मेणबत्ती जळत असते. आम्ही पोचलो तेव्हा नाताळ तोंडावर होता. चर्चवर दिव्यांच्या माळा, आणि ठाण्यासमोर तेलाची बाटली आणि मेणबत्त्यांचा पुडा घेऊन आलेले एक ख्रिस्ती गृहस्थ. मुलगा आखातात जहाजावर आहे, त्याच्यासाठी, म्हणाले. गावची शीव कुठे संपते हे राखणदाराला आखातातही ठाऊक असावं. जागोर पाहायचा तर डिसेंबरच्या शेवटी गोव्यातल्या खोल्यांचे दर तिप्पट होतात हे धरून, मुक्काम सावंतवाडीत करावा.

बांद्यावरून सावंतवाडी, दाणोली आणि आंबोली घाट. हा घाट आम्ही चढलो. वाटेत 'पूर्वीचा वस' हे ठाणं लागतं. इथे एसटीचा चालकही वेग कमी करतो. आंबोलीत पाऊस महाराष्ट्रात सर्वांत जास्त पडणाऱ्या ठिकाणांइतका. दरडी याच टापूत पुन्हा पुन्हा येतात, आणि ठाणंही इथेच आहे. पावसाळ्यात इथे थांबायचं असेल तर कड्याखाली नको, दरीकडच्या कठड्याजवळही नको. जिथे डोंगर मागे सरलेला आहे तिथेच. शनिवार-रविवारी धबधब्याच्या गर्दीने घाट तासन्‌तास तुंबतो, आठवड्याच्या मधल्या दिवशी या.

चढावर गाडी तापली तर एसी बंद करा, हीटर पूर्ण चालू करा. अंगाला घाम फुटेल पण इंजिनाची उष्णता आत ओढली जाते. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, आतलं पाणी दाबाखाली असतं आणि तोंडावर उडतं. अर्धा तास थांबून, फडक्याने धरून, आधी अर्धा आटा फिरवून वाफ जाऊ द्या.

पुढे आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर आणि मग कोल्हापूर–पुणे महामार्ग. आता एक देव उरतो: खंबाटकी घाटातली खामजाई, जिथे देवळाजवळ पाण्याचं टाकं आहे. पण ती साताऱ्याहून पुण्याकडे येताना भेटत नाही. परतीची वाहतूक बोगद्यातून जाते, खामजाईचा जुना घाट पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्यांसाठी आहे. रस्त्याचं काम सुरू असल्याने ही व्यवस्था पुढे आणखी बदलेल, तेव्हा निघण्याआधी बघून घ्या.

तिच्यासाठी फेरी उलटी करावी लागेल. पुण्याहून खंबाटकी चढून कोल्हापूर, आंबोली उतरून सावंतवाडी, मग आरवली, महाड, वरंध चढून भोर आणि शेवटी बोरघाट उतरून खोपोली. उलट्या फेरीत वरंधचा उभा चढ कोकणाच्या बाजूने घ्यावा लागतो, त्यामुळे महाडलाच कूलंट आणि टायरची हवा पाहून निघा. बोरघाटात शिंग्रोबा उतारावर येतो. तिथे थांबायचं तर देऊळ दिसल्यावर ब्रेक दाबायचा नाही, आधीच्या वळणापासून दुसऱ्या गिअरमध्ये यायचं.